सुकटीचा वास

“माय, हात धुतले का?”

सुगतने सवयीने दारातूनच विचारले, आणि पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आलेल्या सत्यशीलाबाई मोरीकडे वळल्या... तीनदा साबण! चौदा महिने हेच चालले होते, आणि आता त्याचे त्यांना काहीच वाटत नव्हते.

पालमच्या बाजारात वीस वर्षे सुकट विकून ज्या हातांनी या एकुलत्या लेकाला मास्तर केले, त्याच हातांचा त्याला विटाळ व्हावा! तो शब्द या घराने सुगतच्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाच टाकून दिला होता. सून सुकेशनीचा गर्भ तिसऱ्या महिन्यात गेला, तेव्हा मोबाइलवर काहीतरी पाहून सुगत ओरडला होता, “माशात पारा असतोय माय! तुझ्या सुकटीनंच घात केला!” त्याच दिवशी बाईंनी आपली सुकटीची पाटी शेजारच्या रेणुकाला देऊन टाकली आणि स्वयंपाकघर सोडले. लेकराच्या घरात पाळणा हलू दे, माझं काय...! तेव्हा रडू आले नाही, ते पुढेही कधी आले नाही.

आज दोघे परभणीच्या डॉक्टरीणबाईंना दाखवून आले होते. सुकेशनीने पिशवीतून हिरव्या पावडरीचा डबा काढून आपटलाच. समुद्री शेवाळाची पावडर! गर्भ गेल्यावर, पुन्हा दिवस राहावेत म्हणून सुगतनेच मागवलेली, रोज दोन चमचे दुधातून घ्यायला लावलेली.

“आई, यात आयोडीन लय हाय म्हणं. माझं थायरॉइड बिघडलंय ते बहुतेक यानंच. आधी हे बंद करा म्हणल्या.”

“अन् सुकट?” बाईंचा आवाज कोरडाच होता.

“पारा मोठ्या समुद्री माशांत जास्त असतोय. बारकी सुकट धुऊन, चांगली शिजवून खाल्ली तर चालती. पहिलं लेकरू कशानं गेलं, ते कुणालाच सांगता यायचं न्हाई म्हणल्या... पण तुमच्या सुकटीवर आळ घ्यायला काई कारण न्हाई, आई!”

सुगतने धाडकन आईच्या पायांवर डोके ठेवले. “माय, मी पापी हाय गं! चौदा महिने तुझ्या हातचा घास टाळला मी...”

त्यांनी त्याच्या डोक्याकडे पाहिले. केस पांढरे व्हायला लागले होते. या क्षणासाठी त्यांनी किती वाट पाहिली होती, आणि आता आत काहीच हलत नव्हते!

“ऊठ बाबा. भुका लागल्या असतील.”

सुकेशनीने येताना मूठभर सुकट आणली होती. बाईंनी ती सुपात पाखडली, वाळू काढली, गरम पाण्यात दोनदा धुतली, कांद्या-मिरचीवर परतून शिजवली. घरभर वास सुटला. सुगत ताटापुढे लहान पोरासारखा मांडी घालून बसला.

“माय, पहिला घास तुझ्या हातानं दे.”

बाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, थांबल्या, तो ताटात ठेवला आणि उठून मोरीकडे गेल्या. एकदा साबण... दोनदा साबण...

“नको माय, नको गं!” सुगत धावला. फेसाने भरलेले ते हात तोंडाला लावून तो ओक्साबोक्शी रडू लागला.

बाईंनी हात तसेच राहू दिले.

“सोड बाबा,” त्या म्हणाल्या, “अजून एकदा राह्यलंय.”