एक ठोका म्हणजे वाढव

हे खरं आहे. रचून सांगायला मला वेळ नाही, आणि तेवढं डोकंही नाही. ज्याला पटत नसेल त्याने इथूनच मागे फिरावं, मला राग नाही. तसंही आमच्या घरात एक जण आहेच, जो आधी म्हणायचा, "ताई, तुला धुराने भास झाला."

तो म्हणजे माझा धाकटा भाऊ.

भुताखेताच्या गोष्टी रात्री घडतात म्हणे. माझ्या बाबतीत घडलं ते रविवारी, भर दुपारी. बाहेर ऊन मी म्हणत होतं. आणि जागा कोणती, तर आमचंच गॅरेज, जिथे मी लहानाची मोठी झाले.

आमचा धंदा स्कूटर ट्यून करण्याचा. कंपनीतून आलेली गाडी ज्यांना पुरत नाही, ते आमच्याकडे येतात. पिकअप वाढवून द्या, वेग वाढवून द्या. धाकटा सिलिंडर घासतो, सायलेन्सर कापून नवा जोडतो, कार्बोरेटर जुळवतो. मी गिऱ्हाइकांची बडबड ऐकते. आणि ट्युनिंगच्या वेळी ॲक्सिलरेटर धरते.

हे धरणं कसं असतं, ते आधी सांगते.

गाडी स्टँडवर, तोंड भिंतीकडे. मी सीटवर. हँडलवर एक मीटर चिकटवलेला, इंजिन किती फिरतंय ते दाखवणारा. माझी नजर त्या काट्यावर. धाकटा माझ्या पाठीमागे, खाली बसून स्क्रू फिरवतो. आवाज इतका की कानात कापसाचे बोळे घालावे लागतात. बोललेलं काही ऐकू येत नाही.

म्हणून ठोके.

तो स्क्रू-ड्रायव्हरची मूठ सीटच्या पत्र्यावर खालून ठोकतो. मला ते ऐकू येत नाही, अंगाला कळतं. एक ठोका म्हणजे वाढव. दोन म्हणजे कमी कर. तीन म्हणजे बंद.

ही पद्धत आमच्या बाबांची. त्यांनी कुठून घेतली, देव जाणे. तिचा एकच नियम. मागे वळून बघायचं नाही. वळलं की ॲक्सिलरेटरची मूठ हलते, काटा हलतो, आणि सगळी मेहनत पाण्यात.

तर ती स्कूटर.

एका प्रोफेसरांनी आणून दिली होती. जुनी, टू-स्ट्रोक. "भंगारवाल्याकडून घेतली," म्हणाले, "बघा काही जीव येतोय का."

धाकट्याने इंजिन उघडलं आणि बघतच राहिला.

सिलिंडरला आतून खिडक्या असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. त्या घासून मोठ्या केल्या की गाडी पळते. या गाडीत कोणीतरी ते काम आधीच केलं होतं. हाताने. आरशासारखं गुळगुळीत. पण डाव्या बाजूचंच. उजवी बाजू तशीच, कोरी. घासायला घेतलं आणि मध्येच उठून गेलं, असं.

"ताई, हा माणूस उस्ताद होता गं."

"मग अर्धवट का सोडलं?"

"मला काय माहीत."

"अरे, मग विचार ना त्याला."

आमच्या धंद्यात एक रीत आहे. दुसऱ्याचं अर्धवट काम हातात घ्यायचं तर आधी त्याला एक फोन करायचा. बाबा असते तर त्यांनी त्या माणसाचं घर शोधून काढलं असतं. पण आमच्या चिरंजिवांना कुठला दम निघतोय. त्याने त्याच दिवशी उजवी बाजू घासायला घेतली. जेवायला हाक मारली तरी ओ देईना. तीन दिवस त्याचं खाण्यापिण्याकडे लक्ष नव्हतं. भावजय माझ्याकडे येऊन कुरकुरली, "वन्सं, तुम्हीच सांगा यांना काहीतरी."

मी सांगितलं. त्याने कानाडोळा केला.

रविवारी तो म्हणाला, "काम झालं. आज ट्युनिंग करू. ये धरायला."

सुट्टीच्या दिवशी शटर उघडं दिसलं की लोक पंक्चर घेऊन येतात. म्हणून आम्ही ते वीतभर वर ठेवून बाकीचं खाली ओढलं होतं. धूर बाहेर काढणारा पंखा चालू होता. थोडा वेळ काम झालं. मग त्याने इंजिन बंद केलं, म्हणून मी मागच्या मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

परत आले तर धाकटा शटरपाशी उभा. हातात काहीतरी गुंडाळलेलं. तो काहीतरी बोलला. माझ्या कानात बोळे. मी मान डोलावली. मला वाटलं, कार्बोरेटरमधला सुटा भाग, जेट, आणायला चाललाय. तो वाकून बाहेर गेला.

मी सीटवर बसले. समोर भिंत. मोबाइल काढून बघत बसले.

थोड्या वेळाने समोरच्या भिंतीवर उजेड पडला... आणि गेला.

शटर उघडून पुन्हा लागलं की असंच होतं. मी म्हटलं, आला.

सीट मागच्या बाजूने किंचित दबली. तो खाली बसताना सीटला हात टेकतो, तसंच.

मग किक बसली. गाडी स्टँडवर हलली. पहिल्याच किकला इंजिन सुरू.

मी मोबाइल खिशात टाकला, मूठ धरली, नजर काट्यावर लावली.

आणि... एक ठोका.

वाढव.

मी मूठ पिळली. जड लागली. इतकी जड की मनगट दुखलं. "मुठीच्या केबलला तेल घाल रे जरा," मी ओरडले. त्याला काय ऐकू जाणार.

एक ठोका.

वाढवलं. काटा वर गेला. आणि खरं सांगते, तो आवाज ऐकून मला आनंद झाला. कापसाच्या बोळ्यांतून पण कळत होतं, कुठे अडखळणं नाही, कुठे फडफड नाही. म्हटलं, पोराने करून दाखवलं.

एक ठोका.

एक ठोका.

काटा लाल पट्टीला लागला. मी दोनची वाट बघत होते. दोन येईना.

एक ठोका.

"बास की," मी म्हटलं. डोळे चुरचुरायला लागले होते. समोरची भिंत नीट दिसेना, निळसर धूर साचला होता. घसा धरला. पंखा चालू असताना एवढा धूर कसा, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं.

मी माझ्या मनाने मूठ सोडली.

मूठ मागे आली नाही.

उलट... ती माझ्याच हातात आणखी पिळली गेली. कोणीतरी केबल दुसऱ्या टोकाने ओढत होतं. हळूहळू. घाई नव्हती त्याला.

आयुष्यात पहिल्यांदा मी तो नियम मोडला. मागे वळले.

मागे कोणी नव्हतं.

स्क्रू-ड्रायव्हर फरशीवर पडलेला. शटर... पूर्ण खाली. वीतभर फट होती, तीही नाही. धूर काढणारा पंखा थांबलेला.

आणि मी मागे बघत असतानाच, माझ्या सीटखाली...

एक ठोका.

उतरले कशी, मला आठवत नाही. किल्ली फिरवून बंद केली. इंजिन चालूच. असं होतं कधीकधी, तापलेलं इंजिन किल्लीला जुमानत नाही. त्यावर उपाय एकच, कार्बोरेटरचं तोंड तळहाताने दाबायचं. हवा बंद झाली की इंजिनचा जीव जातो. बाबांनी लहानपणीच शिकवलं होतं.

मी वाकले. तळहात लावला.

ते तोंड हवा आत ओढतं. हाताला ओढ जाणवते, नेहमी.

या वेळी ओढ नव्हती. आतून बाहेर येत होतं... कोमट, ओलसर. थांबून थांबून.

श्वास.

मी हात काढून शटरकडे धावले. खालच्या पट्टीला दोन्ही हात घालून जोर लावला. चार बोटं वर आलं आणि परत खाली गेलं. अडकलं नव्हतं ते. अडकलेलं शटर कसं लागतं, मला माहीत आहे. हे कोणीतरी दाबत होतं. पुन्हा उचललं, पुन्हा खाली, फक्त या वेळी बोटभर फट राहिली.

मी आडवी पडले. फरशीला गाल लावला. फटीतून जेवढी येईल तेवढी हवा ओढायला लागले. बाहेर लख्ख ऊन होतं. एक बाई पिशवी घेऊन चालली होती, तिच्या चपला दिसल्या. एका मुलाचा चेंडू घरंगळत आला, त्याने तो उचलला. हाताच्या अंतरावर माणसं होती. मी ओरडत होते आणि इंजिन माझा आवाज गिळत होतं.

इथेच मरणार, असं वाटलं. घरच्या गॅरेजमध्ये, भर उन्हात, लोक जात-येत असताना.

मी शटरवर मूठ आपटली. एकदा.

मागून आवाज वाढला.

तेव्हा मला समजलं. ते ऐकत होतं.

डोकं जड झालं होतं, डोळ्यांपुढे अंधारी. मोजून, तिन्ही वेगवेगळे कळतील असे, मी मूठ आपटली. एक. दोन. तीन.

इंजिन बंद पडलं.

जागच्या जागी, एका क्षणात. मग एवढी शांतता की मला माझाच श्वास ऐकू येत होता.

नुसता माझाच नाही... आणखी एक. पाठीमागून.

मी वळले नाही. डोळे गच्च मिटून पडून राहिले.

मग शटर खडखडलं आणि वर गेलं. धाकटा आणि शेजारचा पानवाला, दोघांनी मिळून मला ओढून बाहेर काढलं. रस्त्यावर बसवलं. मी ओकले, खोकले, रडले. धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"शटर का दाबून धरलं होतंस गं आतून? दोघांनी जोर लावला तरी उचलेना."

"मी दाबून धरलं?"

"मग कोणी?"

मी तोंड पुसलं. मग म्हटलं, "केबल किती जड करून ठेवलीस रे. मूठ परत येईना."

"ताई... कोणती केबल?"

त्याच्या हातात दोन केबली होत्या. एक नवी, गुंडाळलेली. दुसरी जुनी, टोकाला तारा सुटलेली. मी मोरीत गेले होते, तेव्हा त्याने ती पूर्ण काढून घेतली होती, माप दाखवायला. जाताना तेच सांगत होता तो मला.

म्हणजे त्या मुठीत केबल नव्हतीच. ती नुसती गरगर फिरायला हवी होती.

मग मी काय ओढत होते? आणि मला कोण?

दोन दिवसांनी मी प्रोफेसरांकडून पत्ता घेऊन त्या भंगारवाल्याकडे गेले. तो म्हणाला, एका बंद पडलेल्या गॅरेजचा सगळा माल त्याने एकदम उचलला होता. तिथे नवरा-बायको दोघंच काम करायचे, शटर लावून. एकदा याच गाडीचं काम करताना तो मागे धुराने कोसळला. पुढे बसलेल्या तिला कळलंच नाही.

"ती हँडल धरूनच बसलेली सापडली," भंगारवाला म्हणाला.

"मग तिने बंद का नाही केली गाडी?"

त्याने खांदे उडवले. "तिला कोण सांगणार होतं, बंद कर म्हणून?"

मी तिथून घरी कशी आले, मला ठाऊक नाही.

आता तुम्ही म्हणाल, गाडी देऊन टाका, तोडून टाका. मीही तेच म्हटलं. प्रोफेसरांनी हात वर केले, "ठेवा तुम्हालाच." आणि धाकटा तिला हात लावू देईना.

कारण त्याने प्लग काढून बघितला. ट्युनिंग कसं जमलंय ते प्लगच्या रंगावरून कळतं. काळा पडला तर चूक, पांढरा पडला तरी चूक. हा प्लग एकसारखा तपकिरी होता. त्याने तो मला दाखवला, तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"इतकं नेमकं मला जन्मात जमलं नाही गं, ताई. स्क्रू मी ठेवला होता तिथे नाहीये. कोणीतरी फिरवलाय." मग हळूच म्हणाला, "थोडंच राहिलंय आता."

आधी म्हणायचा भास. आता हे.

रोज विचारायचा, "एकदाच बस ना. शटर उघडं ठेवू." रोज मी नाही म्हणायचे. शिव्या घातल्या, पाया पडले, अबोला धरला. मग अचानक त्याने विचारणं सोडलं. मला वाटलं, सुटले बाबा.

परवा भाजी निवडताना भावजय हसत म्हणाली, "वन्सं, आता मला पण तुमचं काम शिकायला लागणार. हे म्हणत होते, रविवारी जरा गॅरेजमध्ये ये, ॲक्सिलरेटर धरायला कोणी नाहीये. ठोक्यांचं सगळं समजावून सांगितलं मला."

माझ्या हातातली भाजी तशीच राहिली.

तिला पाचवा महिना आहे.

मी तिला काही सांगितलं नाही. सरळ उठून गॅरेजमध्ये गेले. तो त्या गाडीपाशी बसला होता, तिच्यावर हात फिरवत. मी म्हटलं, "तिला बोलवायचं नाही. मी बसते."

त्याने वर बघितलं. इतका खूश झाला, लहान होता तेव्हा व्हायचा तसा.

उद्या रविवार आहे. शटर उघडं ठेवायचं त्याने कबूल केलंय.