न सरणारी गंजी

स्कॉटलंडच्या एका बेटावरचं टोल्विक. तिथं घरं सहा आणि धूर निघायचा तो चारांतून. त्यातलं शेवटचं घर मर्डिना मॅकास्किलचं. त्याच्यापुढे नुसता माळ, मेंढ्या आणि वारा. मे महिन्यात तिचं मनगट मोडलं आणि हात दोन महिने प्लास्टरमध्ये राहिला. तेव्हाच तिनं मुलीला फोनवर सांगून टाकलं होतं, "यंदाचं पीट जळून संपलं, की मी ग्लासगोला येते. कायमची." नवरा वारल्यापासून, म्हणजे गेली चार वर्षं, इशबेल हेच म्हणत तिच्या मागे लागली होती. मर्डिना एकदा बोलली की बोलली, मग मागाहून पस्तावली तरी. आणि ती पस्तावली होती. त्या घराबाहेर आपल्याला झोप लागेल, असं तिला वाटतच नव्हतं.

माळावरची काळी ओली माती विटांसारखी कापायची, वाळवायची, घराशेजारी तिची गंजी रचायची आणि वर्षभर चुलीत घालायची, एवढंच ते पीटचं काम. पण त्याला दोन माणसं लागतात. एक वर उभं राहून कापतं. दुसरं खाली चरात उभं राहून ओली वीट झेलतं आणि काठावर फेकतं. नवरा होता तोवर तो कापायचा आणि मर्डिना झेलायची. यंदा मर्डिनासाठी शेजारच्या टॉर्किलनं कापलं आणि त्याच्या बहिणीनं, पेगीनं झेललं. मर्डिना गळ्यात हात अडकवून बसली होती आणि दोघांच्या चुका काढत होती.

ऑक्टोबरच्या मध्यावर तिच्या लक्षात आलं, की गंजी कमी होत नाहीये.

आधी तिनं स्वतःलाच वेड्यात काढलं. मग कुंपणाच्या खांबांवर नजर ठेवली. मंगळवारी गंजी तिसऱ्या खांबापर्यंत उतरली होती, गुरुवारी ती पुन्हा चौथ्याला टेकली. आणि विटा कशाही टाकलेल्या नव्हत्या. तिरप्या, एकीला एक अडकवून, पाऊस आत शिरू नये अशा नीट रचलेल्या होत्या. टोल्विकमध्ये माणसं दारं उघडी टाकून चार दिवस बाहेरगावी जातात, पण दुसऱ्याच्या गंजीला कुणी बोट लावत नाही. चोरी झाली असती तर मर्डिनाला समजलं असतं. ही उलटी चोरी तिच्या पचनी पडेना. फुकटात कोण कुणाला पीट घालतंय?

संशय टॉर्किलवर गेला. अडुसष्ट वर्षांचा सडाफटिंग माणूस, दर रविवारी चर्चनंतर तिच्याकडे मटणाच्या सूपला बसणारा. मी गेले तर याला कोण वाढणार, म्हणून हा गंजी संपू देत नाही, असा हिशेब तिनं मांडला. तिला संताप आला, आणि खरं सांगायचं तर आतून थोडं बरंही वाटलं. तीन दिवस ती खिडकीशी बसून राहिली. टॉर्किल कुत्रा घेऊन रोज तिच्या दारावरून जायचा, पण गंजीकडे मान वळवून बघायचासुद्धा नाही. इतकं ठरवून न बघणारा माणूस काहीतरी दडवतोय, अशी तिची खात्रीच झाली.

मग रविवार आला. टोल्विकमध्ये रविवारी काम करणं पाप; कुणी कपडे वाळत घालत नाही, की मुलं झोपाळ्यावर बसत नाहीत. चर्चमधून परतल्यावर मर्डिनानं पाहिलं, तर गंजी एक ओळ लांब झाली होती.

ती तशीच टॉर्किलच्या घरी गेली आणि त्याला बाहीला धरून घेऊन आली.

"रविवारी! चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसतोस, आणि रविवारी हे धंदे?"

"मी?" टॉर्किल लालबुंद झाला. "अगं, रविवारी मी बुटाला पॉलिश करत नाही, आणि तुझं पीट वाहीन?"

"मग कोण? सूप तूच ओरपतोस ना?"

"तुझं सूप! मीठ कमी असतं त्यात. आज तीस वर्षांनी सांगतो."

एरवी ती हसली असती. टॉर्किलनं नव्या ओळीतली एक वीट उचलली आणि उलटी केली. ओली वीट झेलणाऱ्याची बोटं तिच्यात रुततात आणि वीट वाळली तरी ठसे तसेच राहतात. पेगीचा हात लहान, तिची बोटं एकसारखी. या विटेवरचा हात मोठा होता. मधलं बोट अर्ध्यावरच संपलं होतं.

टॉर्किलनं मर्डिनाच्या उजव्या हाताकडे पाहिलं. मासे खारवण्याच्या कारखान्यात तिचं मधलं बोट अर्धं गेलं, त्याला चाळीस वर्षं झाली होती.

"मला वाटलं, मनगट बरं झालं म्हणून तू जातेस," तो हळूच म्हणाला.

"कुठं?"

"वर. माळावर. रोज दुपारी दिसतेस ना चरात, विटा झेलताना. मी हाक मारली दोनदा. तू वळली नाहीस. म्हटलं, रागावली असेल."

"मी मे महिन्यापासून माळावर पाऊल ठेवलेलं नाही, टॉर्किल."

टॉर्किलनं हातातली वीट पुन्हा सुलटी केली.

"आणि वरून कापतंय कोण?" तिनं विचारलं.

टॉर्किलनं वीट जपून जागेवर ठेवली आणि हात पँटला पुसले.

"तिकडे मी बघत नाही," तो म्हणाला. "मर्डिना, गंजी संपायची वाट बघू नकोस. जा तू."

तो गेल्यावर तिनं त्या खळग्यांत आपली बोटं घातली. चारही नीट बसली. वीट आतून अजून ओली होती.

शुक्रवारी ती निघाली. चूल विझवली, राखेवर पाणी ओतलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा दाराला कुलूप लावलं. अर्धी गंजी मागे राहिली. आपला शब्द मोडतोय याची तिला लाज वाटली, पण भीती त्याहून मोठी होती.

डिसेंबरात एका सकाळी टॉर्किलचा फोन आला.

"गंजी संपली," तो म्हणाला.

"तू नेलंस पीट?"

"दुसऱ्याचं पीट नेईन मी? तू गेलीस त्या दिवसापासून तुझं धुराडं रोज चालू होतं. आणि गंजी रोज उतरत होती. काल शेवटची ओळ गेली. आज धूर नाही."

मर्डिना खुर्चीत बसली.

"पेगी सकाळच्या बसनं गेली," टॉर्किल म्हणाला. "तिनं बसमधून फोन केला, फाट्यावर अजून एकजण चढलं म्हणे. बॅग घेऊन. मी पुढचं विचारलं नाही."

दुपारची बोट. मग इन्व्हरनेसची बस. रात्री दहाला ग्लासगो. ती स्वतः तशीच आली होती.

इशबेल कामावर निघाली होती, गळ्याभोवती मफलर गुंडाळत होती.

"इशबेल, आज दार वाजलं तर उघडायचं नाही."

"कुणी आलं तर?"

"कुणीही."

"आणि तूच बाहेर असलीस तर?" इशबेल हसली.

"मी आज घरातच आहे," मर्डिना म्हणाली. "दारात मी दिसले, तरी उघडू नकोस."