पायाखालचा तोरोस

लोरीच्या डोंगरातल्या त्या मठात मेलेल्याला मान द्यायचा तो पायाखाली घेऊन. चर्चपुढच्या दगडी मंडपात त्याला पुरायचं, वर नाव कोरलेली शिळा बसवायची. येणाऱ्या-जाणाऱ्याने तिच्यावर पाय दिला की आत्म्याचा भार हलका होतो, असं सगळेच मानत. चार खांबांचा तो मंडप शाहेन पाथरवटाने उभा केला होता, अशा कितीतरी शिळाही त्याच्याच हातच्या. पण घुमटाच्या परांचीवरून त्याचा कोवळा मुलगा तोरोस पडून गेला, तेव्हा त्याचं मन धजेना.

"माझ्या लेकरावर कुणी पाय द्यायचा नाही," असं म्हणत त्याने तोरोसला खांबामागच्या कोपऱ्यात पुरलं. तिकडे कुणी फिरकत नसे.

उन्हाळा सरेपर्यंत शिळेवरचं नाव झिजलं. अक्षरं गुळगुळीत, उंबऱ्यावरची झिजतात तशी. त्याने ती पुन्हा कोरली. द्राक्षांच्या सुगीला पुन्हा पुसट.

"उस्ताद, छिन्नी बोथट झाली की हात?" महंत बार्सेघ हसत म्हणाले. मग शिळा पाहून त्यांनी छातीवर क्रूस काढला.

शाहेनने शिळेवर दगडाची भुकटी पसरली. येतंय तरी कोण, बघू! सकाळी भुकटी जशीच्या तशी होती. तिच्याखालचं पहिलं अक्षर गेलं होतं.

घरी त्याने हे बायकोला सांगितलं. खोरिशा पीठ मळत होती, तिने मान वर केली नाही.

"लोकांची पोरं तुडवायला दिलीत. आपलाच तेवढा राजपुत्र?" तिचा आवाज फाटला. "पाय मागतोय तो. द्या ना हो त्याला कुणीतरी!"

दुसऱ्याचा पाय त्याला सोसवला नसता. बर्फ पडला त्या दुपारी तो एकटाच मंडपात गेला. जोडे काढले, डोळे मिटले आणि शिळेवर उभा राहिला.

दगड गार होता.

मग खालून तळव्याला तळवा लागला. लहान, अनवाणी.

शाहेन रडू लागला. पाय मात्र उचलेना.

खालच्या पायाने एक पाऊल टाकलं. त्यानेही टाकलं. ते शिळेबाहेर, साध्या फरशीवर पडलं.

तळवा तिथेही होता.

"चल," शाहेन हळूच म्हणाला, "आई वाट बघतेय." त्याने जोडे हातात घेतले आणि बर्फातून अनवाणीच घराकडे निघाला.