कंदील, रविवारी सकाळी नऊ

आमच्या घरी टीव्ही आला तो १९९१ च्या दिवाळीत. चौदा इंची, काळापांढरा, सरकत्या दारांच्या लाकडी खोक्यातला. अप्पांनी तो इंदापूरहून एसटीत मांडीवर घेऊन आणला आणि पळसदेवच्या फाट्यापासून घरापर्यंत कुणाला हात लावू दिला नाही.

आमचं घर नव्या गावाच्या शेवटच्या आळीत. मागे दोन वावरं, त्यापुढे उजनीचं पाणी. जुनं गाव त्या पाण्याखाली गेलं तेव्हा मी तान्ही होते, त्यामुळे मला त्याचं काहीच आठवत नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या देवळाचं शिखर वर येई, तेवढीच माझी त्या गावाशी ओळख.

अँटेना गच्चीवर, लोखंडी पाइपावर. पुण्याच्या दिशेला तोंड केलं की पडद्यावर नुसत्या मुंग्या. एकदा वाऱ्यानं ती फिरली आणि चित्र एकदम स्वच्छ झालं. मी वर जाऊन पाहिलं, तर तिचं तोंड पाण्याकडे होतं. तिकडे कुठलाही मनोरा नव्हता. पुढे बारामतीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकताना मी कारण शोधलं. लहरी पाण्यावरून परावर्तित होत असतील. पण मग मे महिन्यात पाणी मागे हटल्यावर चित्र बिघडायला हवं होतं. ते उलट सुधारायचं.

शिवाय पाइप कुणीतरी हातात धरून ठेवावा लागे. ते काम माझं. मी तेव्हा चौदा वर्षांची होते.

दर रविवारी सकाळी नऊला ‘कंदील’ नावाची मालिका लागायची. थोरला भाऊ गोकुळदादा खाली उंबऱ्यात उभा राहून ओरडायचा.

“आलं! गेलं! जरा डावीकडं! आगं, तुझ्या डावीकडं, माझ्या न्हवं! हां, आता तसंच धर!”

मी ‘कंदील’चे सव्वीस भाग ऐकले आणि एकही पाहिला नाही. शीर्षकगीत मात्र मला पाठ होतं. आधी सारंगी, मग एका बाईचा खालच्या पट्टीतला आवाज. ते गाणं खिडकीतून वर यायचं आणि माझ्या तळव्यांखाली पाइप बारीक थरथरायचा.

दादानं मला शब्द दिला होता. “शेवटच्या भागाला मी वर जातो, मने. तू खाली बस. आईशप्पत.”

शेवटचा भाग १९९२ च्या मे महिन्यात होता. नऊ वाजले तरी दादा वर आला नाही. पाइप तापला होता, मी त्याला ओढणी गुंडाळली.

“दादा, आलं का? उतरू का मी?”

खालून त्याचा आवाज आला. “अजून न्हाय. तसंच धर.”

मी पाच वेळा विचारलं. पाचही वेळा तेच उत्तर. मालिका संपल्याचं संगीत वाजलं तेव्हा मी खाली आले. आई पदरानं डोळे पुसत होती. पडद्यावरचं चित्र आरशासारखं स्वच्छ होतं.

“येडीच हायस तू,” दादा म्हणाला.

त्या दिवसापासून मी त्याच्याशी कामापुरतं बोलत गेले. राखी बांधायचे, ओवाळायचे, मान वर करायचे नाही. एका मालिकेवरून सहा वर्षं, हे कुणाला सांगताना मलाच लाज वाटायची. पण मालिका हे कारण नव्हतं. ज्याच्या भरवशावर मी हात भाजून घेतले, त्यानं ‘अजून न्हाय’ म्हटलं होतं.

१९९८ च्या मे महिन्यात दादाचं लग्न ठरलं. मी तेव्हा बारामतीत, दूध तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. आईनं निरोप धाडला. “हळद लागायच्या आत बोला एकमेकांशी. पाव्हण्यांसमोर तोंडं फिरवून बसू नका.”

मी गेले तो रविवार होता. गावात केबल आली होती. दुपारी केबलवाला अँटेना काढून नेणार, म्हणून सकाळच्या चहाला जुन्या मालिका निघाल्या. अप्पांनी बातम्यांआधीची धून तोंडानं वाजवली. दादानं तांब्यावर ठेका धरला. एकीचं शीर्षकगीत दुसरीला चिकटत होतं, आई हसून हसून खोकत होती. त्या हसण्यात मलाही बरं वाटलं. मी ‘कंदील’चं गाणं म्हणायला घेतलं.

“झाडून ठेवलं अंगण बाई, कुणी खाली येईना...”

तांब्या थांबला.

“हे कशातलं?” आईनं विचारलं.

“‘कंदील’चं.”

“त्याला गाणं कुठं हुतं?” अप्पा म्हणाले. “नुसती सारंगी हुती. कंदील हलायचा आन सारंगी वाजायची.”

मी दादाकडे पाहिलं. तोही मान हलवत होता. मला वाटलं, हा पुन्हा मला खोटं पाडतोय. सहा वर्षांचं सगळं माझ्या तोंडातून बाहेर पडलं. शब्द दिला होतास. आलेलं असताना ‘न्हाय’ म्हणालास. मी वर भाजत होते.

दादानं तांब्या बाजूला सारला. मग म्हणाला, “मने, मी वर आलतो. जिन्याच्या तोंडाशी हुबा ऱ्हाऊन तुला म्हनलं, सोड, खाली जा, मी धरतो. तू मागं वळून पण बघितलं न्हाईस. पाण्याकडं बघत म्हनलीस, ‘मला हितनंच दिसतंय.’”

“मी असं म्हटलंच नाही.”

“आन मी ‘अजून न्हाय’ म्हनलोच न्हाय.”

उन्हानं मला भास झाला असेल, असं म्हणता आलं असतं. पण मग त्यानं काय ऐकलं? मी प्रयोग ठरवला. टीव्हीची पिन काढली. दोघांची घड्याळं जुळवली. दादानं उंबऱ्यात उभं राहून दर तीन मिनिटांनी एकच वाक्य ओरडायचं, ‘मने, खाली ये.’ असं दहा वेळा. मी वर पाइप धरायचा आणि तोंडातून एक शब्द काढायचा नाही. जे ऐकू येईल ते दोघांनी आपापल्या कागदावर लिहायचं.

पहिल्या तीन वेळा मी अँटेना पुण्याकडे ठेवली. तिन्ही वेळा स्पष्ट ऐकू आलं, ‘मने, खाली ये.’

मग मी ती पाण्याकडे वळवली.

देवळाचं शिखर वर आलेलं होतं. वारा नव्हता. तळव्यांखाली पाइप थरथरू लागला.

चौथ्या वेळी दादाचाच आवाज आला. “अजून न्हाय. तसंच धर.”

पाचव्या वेळी तेच. नवव्यापर्यंत तेच.

दहाव्या वेळी काहीच आलं नाही. फक्त बाईचा खालच्या पट्टीतला आवाज, खिडकीतून यावा तसा.

खाली आम्ही कागद शेजारी ठेवले. दादाच्या कागदावर पहिल्या तीन ओळींत ‘उत्तर नाही’. चौथ्यापासून नवव्यापर्यंत एकच वाक्य, ‘मला हितनंच दिसतंय.’

“आवाज कुणाचा?”

“तुझाच की.”

“आणि दहावी ओळ?” कागदाची खालची कड त्यानं दुमडली होती.

“काय न्हाय आलं,” तो म्हणाला आणि कागद खिशात घातला.

मी आग्रह धरला नाही. सहा वर्षांनी आम्ही एकमेकांकडे बघून रडत होतो, त्यात ते राहून गेलं. माझा भाऊ मला परत मिळाला होता. तरी आत काहीतरी सलत होतं. फसवणूक झाली होती हे नक्की, आणि जाब विचारायला समोर कुणी नव्हतं.

दुपारी केबलवाल्यानं अँटेना काढून भंगारात नेली. पाइपसुद्धा. आठवड्यानं लग्न झालं. हळद मी लावली.

परवा रविवारी घरमालकांकडे माझा फोन आला. वहिनी होती, सोनल. हसत होती.

“वन्सं, एक गंमत इचारू का? ह्यांच्या जुन्या सदऱ्याच्या खिशात एक कागद घावला. दहा ओळी हायत्या. शेवटाला लिवलंय, ‘दादा, आता तुझा नंबर.’ ह्यो कसला खेळ तुमचा?”

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

“त्यास्नी इचारावं म्हनलं, तर दर रविवारी नऊला गच्चीवर जात्यात. आत्ताबी वरच हायती. किती हाका मारल्या! म्हनत्यात, मला हितनंच दिसतंय.”

“वहिनी, तिथं आता काही नाही ना? अँटेना, पाइप?”

“काय बी न्हाय. नुसत्या मुठी आवळून, हात वर धरून हुबं ऱ्हात्यात.”