वाऱ्याचे झोके

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा सण. शिरपूरजवळच्या त्या गावात कडुनिंबाला झोके टांगले होते आणि माहेरवाशिणी अन् गावातल्या पोरी आळीपाळीने उंच झोके घेत होत्या. मंजुळाने झोका चढवला, तर समोर एक अनोळखी तरुण... हातात घड्याळ, नजर तिच्यावरच!

तिने झोका थांबवला. "काय देखी ऱ्हायनात? लाज नई वाटत?"

"मी... घड्याळावर झोका मोजत होतो. तुम्ही नंतर दिसलात."

सगळ्या पोरी खुदकन हसल्या. मंजुळाला कुणीतरी कानात सांगितलं – हाच अभिमन! शेजारच्या यशोदाकाकूंचा सावद्याचा भाचा, विमानात बसून हवा मोजणारा. काकूंनी त्याच्यासाठी तिला मागणी घातली होती, आणि आबांनी निर्णय लेकीवर सोडला होता. तो उद्या परत जाणार, अन् लेकीचा जीव मात्र धास्तावलेला. आभाळात हिंदकळणाऱ्याशी संसार कसा करायचा?

"विमान हिंदकळस म्हणे?" तिने धीर करून विचारलं.

"हिंदकळतं. पण त्यातही फरक असतो." तो झोक्याकडे बघत म्हणाला, "सातपुडा ओलांडताना वारा वर ढकलला जातो. वर गेला की गार होतो, जड होतो, खाली घसरतो. जास्तच खाली गेला की दाबून तापतो, अन् पुन्हा वर... तुमच्या झोक्यासारखा. झोका टोकाला क्षणभर थांबतो ना? तसं एका टोकाला हवा सर्वांत गार, दुसऱ्या टोकाला सर्वांत गरम. मधोमध वेग जास्त. आमच्या तापमापकाचा पारा आणि वारा असा ठेका धरतात, तेव्हा ती नुसती लाट, विमान फक्त झुलतं."

"अन् ठेका चुकला तं?"

"कुणी दोर वेडावाकडा ओढला की बसतो तसा हिसका. मग ती खळबळ. तिथून आम्ही बाजूला होतो."

"बसा मंग झोक्यावर!"

तो बसला. मंजुळाने असा काही हेलकावा दिला, की अभिमनने डोळे घट्ट मिटले.

"विमानवाला घाबरना व!" पोरी ओरडल्या.

तिने दोर धरून झोका थांबवला. हळूच विचारलं, "वरबी असंच भेव वाटस?"

"वाटतं," तो खाली बघत म्हणाला. "म्हणून तर मोजतो. आमच्यामागून येणाऱ्या विमानांना आधी कळावं..."

तो फुशारकी मारेल असं तिला वाटलं होतं. दोरावर त्याची बोटं तिच्या बोटांना टेकली होती... दोघांनीही हात काढला नाही.

ओसरीवरून यशोदाकाकूंनी हाक दिली, "मंजू, काय सांगू व आबाले?"

मंजुळाने पदर सावरला. त्याच्याकडे न बघता, पण त्याला ऐकू जाईल असं म्हणाली,

"सांगा काकू... माले भेव वाटस. तरी हो."