आज फाटक उघडं भेटलं

उद्या सकाळी मला डोळे दाखवायला भंडाऱ्याला जायचं आहे. परत यायला रात्र होईल. फाटकाची चावी उद्या तुझ्याकडे, अमर, म्हणून आजच सांगून टाकतो. राजकुमार, तूही ऐक, आणि तो मोबाइलचा उजेड बंद कर. वीज गेली आहे तर गेली आहे. ही गोष्ट अंधारातलीच आहे.

तुम्ही पोरं माझ्या मागे कुजबुजता ते मला ऐकू येतं. मास्तर दोन वर्षं फाटकाबाहेर पडले नाहीत म्हणे. भाजीवाला आत येतो, न्हावी आत येतो, मास्तर चुलीपासून फाटकापर्यंत जातात आणि तिथून माघारी फिरतात. मोतीबिंदू पिकला तरी दवाखाना टाळतात. तुम्हाला वाटतं, म्हातारा बाहेर गेला तर पिईल म्हणून भितो. तसं असतं तर बरं झालं असतं.

गोष्ट टेकचंदची आहे. माझ्या आधी फाटकावर तोच होता. पण पहिल्यांदा एक सांगतो, या आश्रमाच्या अन्नाला मी नावं ठेवणार नाही. मोहाडीच्या बसथांब्यावर मी पडलेला असायचो. चौथीच्या पोरांना पाढे शिकवलेला माणूस, आणि अंगावर माशा. येणारेजाणारे नाक धरून जायचे, त्यांत माझे विद्यार्थीही होते. या दारू सोडवणाऱ्या मिशनच्या लोकांनी उचललं, साबण लावून आंघोळ घातली, नखं कापली. माझ्या सख्ख्या भावानं केलं नसतं ते केलं. फक्त एक झालं. उपकार एकदा केले आणि आभार रोज मागितले.

तुम्हीही रोज मानता ना? हातात रिकामं ताट धरून रांगेत उभं राहायचं, आजच्या दिवसातली एक गोष्ट सांगायची, आभार म्हणायचं, मग वाढणार. भुकेल्या माणसाच्या तोंडून आभार काढणं फार सोपं असतं बाबांनो. कोणी म्हणायचा, आज हात थरथरले नाहीत, आभार. कोणी म्हणायचा, लेकीचा फोन आला, आभार. ज्याला काही सुचत नसे तो शेजाऱ्याचंच म्हणायचा.

चिंधू मात्र रोज एकच म्हणायचा. "आज फाटक उघडं भेटलं. आभार."

सगळे हसायचे. पास्टरसाहेबांनीही त्याला सांगून पाहिलं, अरे, कधी दुसरं काही म्हण. तो म्हणाला, "साहेब, दुसरं काय हाय माह्यापाशी?" पन्नाशीचा माणूस, आंधळगावकडचा. घरच्यांनी दार लावून घेतलं त्याला बारा वर्षं झाली होती. इथं येऊन सात महिने झाले होते, आणि सात महिन्यांत एक थेंब नाही.

आता टेकचंद. सहा वर्षं कोरडा. आधी इतकी प्यायचा की बायको रुखमा लेकरं घेऊन माहेरी गेली ती परत आलीच नाही. या आश्रमाशिवाय त्याला जगात जागा नव्हती, आणि आश्रमात त्याची जागा कशामुळे होती? नाकामुळे. फाटकावर उभं राहून प्रत्येकाच्या तोंडाचा वास घ्यायचा. वास आला की फाटक बंद, सकाळी ये. नियमच होता तो, तिथं पाटीवर लिहिला होता. टेकचंद कधी चुकत नसे. त्याला भीती होती, चुकीच्या माणसाला आत घेतलं तर आपल्यालाच बाहेर काढतील.

सहा एप्रिल दोन हजार तेवीस. ईस्टरच्या आधीचा पवित्र गुरुवार. त्या रात्री इथं पाय धुण्याचा कार्यक्रम असतो, तुम्ही पाहिला आहे. पास्टरसाहेब कमरेला टॉवेल बांधून एकेकाचे पाय धूत होते. मी स्वयंपाकघरात भाताचा गंज, ते मोठं पातेलं, चुलीवरून उतरवत होतो. खिडकीतून फाटक दिसतं आणि तिथलं बोलणं ऐकू येतं.

चिंधू उशिरा आला. दोन दिवस गावाकडे मोहफुलं वेचायला गेला होता. पहाटे वेचायची, दिवसभर वाळवायची, पोत्यात भरायची. मोहाचा वास तुम्हाला सांगायला नको. कपड्यांत शिरला की दारूच्या भट्टीवरून आल्यासारखा माणूस वास मारतो. त्यात तो झोकांड्या खात होता.

"मी पेलो नाही गा, टेकचंदभाऊ. फुलाचा वास हाय हा."

"सगळे असंच म्हणतात."

"सकाळपासून खाल्लं नाही. भोवळ येऊन रायली. आत तं येऊ दे."

"सकाळी ये."

"भाऊ, त्या घनश्याम मास्तरले विचार ना..."

"सकाळी ये म्हणलं ना तुले!"

मी गंज तसाच धरून उभा होतो. टेकचंदनं खिडकीकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. आत पाय धुणं चालू होतं, गाणं चालू होतं. चिंधू थोडा वेळ गजांना धरून उभा राहिला आणि मग गेला.

सकाळी तो वरठीच्या रस्त्यावर, पुलाजवळच्या मोहाखाली सापडला. झाडाला टेकून बसलेला. डॉक्टरांनी सांगितलं, पोटात दारू नव्हती. पोटात काहीच नव्हतं.

पास्टरसाहेबांनी प्रार्थना घेतली. प्रभूची इच्छा, असं म्हणाले. आपण हात झटकायचे आणि प्रभूच्या नावावर घालायचं, ही आपली जुनी खोड. टेकचंदला कोणी बोललं नाही. पण त्याचं जेवण तुटलं. रात्री उठून फाटकाशी जायचा, कुलूप हलवून पाहायचा आणि परत यायचा. चिंधूचं ताट मी कपाटात सगळ्यांत खाली ठेवून दिलं. आपल्या सगळ्या ताटांवर नावं घातलेली आहेत, त्यावरही होतं. नावाचं ताट दुसऱ्याला कसं द्यायचं?

मग डिसेंबर आला. तेवीस तारीख, शनिवार. नाताळच्या कार्यक्रमाला नागपूरचे पाहुणे येणार होते. त्यांच्यासमोर सगळ्यांनी मेणबत्त्या लावून आभार मानायचे, असं ठरलं होतं. मेणबत्त्या कमी पडत होत्या. टेकचंद पाच वाजता सायकल घेऊन वरठीला निघाला. साधं काम, दीड तासात आला असता. जाताना चावी माझ्याकडे देऊन गेला. पास्टरसाहेब मला म्हणाले, "मास्तर, आज पाहुण्यांसमोर शोभा नको."

सात वाजले. पाहुणे आले. साडेसात झाले. टेकचंद नाही.

आठला दहा कमी असताना सायकलची घंटी वाजली. मी बॅटरी घेऊन फाटकाशी गेलो. टेकचंद उभा होता. मागच्या कॅरिअरला मेणबत्त्यांची खोकी बांधलेली होती.  

आणि वास आला.

मोहाचा. ताज्या फुलांचा. अरे, मोह फुलतो कधी? होळीच्या आगेमागे. डिसेंबरात झाडाला नुसती पानं असतात.

"मास्तर, फाटक उघडा."

"कुठं होतास?"

"पुलापाशी चेन पडली. खाली बसून लावून रायलो होतो. तं मोहाखाली सडा पडला होता. पांढरा... इतका." त्यानं हात पसरून दाखवला. "मले वाटलं चांदणं हाय. पाय ठेवला तं मऊ लागलं."

"मग?"

"कोणीतरी वेचत होतं. पाठमोरं. टोपल्यात फुलं टाकल्याचा आवाज येऊन रायला होता. टप... टप... मी म्हणलं, कोण हाय गा? तं त्यानं मान नाही वळवली. फक्त इचारलं..."

"काय?"

 टेकचंद फार हळू बोलला.

"सकाळ झाली का, टेकचंदभाऊ?"

मी चावी कुलपाला लावली होती. खरंच लावली होती. मागे हॉलमधून पेटीचा सूर आला. पाहुण्यांचं हसणं आलं. वास तर असा, की दहा पावलांवरून कोणीही ओळखावा. मला माहीत होतं तो प्यायला नाही. माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? पण मनात आलं, याला आत घेतला, पास्टरसाहेबांना वास आला, तर विचारतील चावी कोणाकडे होती. आणि मग मी कुठं जाऊ? पुन्हा मोहाडीच्या बसथांब्यावर?

चावी काढून घेतली.

"मास्तर, थेंब नाही घेतला. येशूची आन."

"सकाळी ये, टेकचंद."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. ओळखीनं पाहिलं. स्वतःलाच पाहिल्यासारखं. मग सायकल स्टँडवर लावली, आणि मी वळलो.

हॉलमध्ये एकवीस जण भिंतीला लागून उभे होते. रांगेच्या शेवटी मी. माझ्या पलीकडे फक्त ताटांचं कपाट. पहिल्यानं तोंड उघडलं आणि वीज गेली.

मेणबत्त्या? मेणबत्त्या फाटकाबाहेर.

"अंधारातही आभार मानता येतात," पास्टरसाहेब म्हणाले. पाहुण्यांना ते आवडलं.

एकेक आवाज पुढे सरकू लागला. आज औषध मिळालं, आभार. आज ऊन पडलं, आभार. अंधारात माणसं दिसत नव्हती, नुसते आवाज माझ्याकडे येत होते. माझी पाळी आली. "आज पाहुणे आले," मी म्हणालो, "आभार."

झालं. संपलं.

नाही.

माझ्या डाव्या हाताला... कपाटाच्या बाजूला... कोणीतरी घसा खाकरला.

"आज फाटक..."

आणि थांबला.

कोणी हललं नाही. एकवीस माणसं वाट पाहत होती. पुढचे शब्द आम्हा सगळ्यांना पाठ होते.

ते आले नाहीत.

वास आला...

 शेवटी पाहुण्यांतली एक बाई म्हणाली, "आमेन." तिला बिचारीला काय ठाऊक.

वीज आली. कपाटाजवळ कोणी नव्हतं.  मी सगळ्यांना वाढलं. कोणी जेवलं नाही.

सकाळी फाटक उघडलं, तर सायकल स्टँडवर तशीच उभी, खोकी तशीच बांधलेली. टेकचंद नाही. चार दिवसांनी कळलं, तुमसरला एका राइस मिलमध्ये पोती वाहतो. आणि पितो. सहा वर्षं थेंबाला शिवला नव्हता, त्या रात्रीपासून पितो. मी निरोप धाडला, ये, चूक माझी होती. निरोप घेऊन जाणाऱ्याला तो हसून म्हणाला, "मास्तरले सांग, सकाळी येतो."

अजून यायचा आहे.

तुम्हाला वाटेल, गोष्ट संपली. आता जे सांगतो ते पास्टरसाहेबांनाही सांगितलेलं नाही.

त्या सकाळी मी ताटांचं कपाट उघडलं. रात्री लावलेलं कुलूप शाबूत होतं, त्याची चावी जानव्यासारखी माझ्या गळ्यात. आत एका ताटात मोहफुलं होती. ओंजळभर. ओली, दव पडलेली, पिवळट पांढरी. डिसेंबरची चोवीस तारीख होती.

आता विचार, अमर, चिंधू त्या गुरुवारी रात्री फाटकाशी माझं नाव का घेत होता. विचार ना... नको? मग मीच सांगतो.

तेव्हाची ती फुलं मी मागवली होती. आई ईस्टरला... नाही, आमच्या घरी कसला ईस्टर, आई चैत्रात मोहाच्या गोड पुऱ्या करायची. मला तळायच्या होत्या. इथं मोह आणायला बंदी आहे, म्हणून चिंधूला हळूच सांगितलं, गावाकडे चाललास तर ओंजळभर आण, कोणाला बोलू नको. तो म्हणाला, "आणतो ना जी, तुमी रोज वाढता मले." त्याच्या शेल्याच्या गाठीत माझी फुलं होती. मी खिडकीतून एक शब्द बोललो असतो तर फाटक उघडलं असतं. माझी जागा गेली असती, एवढंच.

फाटकावर नाही म्हणणारा जेव्हा बाहेरून परत येतो, तेव्हा त्याच्या अंगाला तो वास येतो. टेकचंदला आला. म्हणून मी बाहेर जात नाही. पण डोळे जात चालले, उद्या जावंच लागेल. येताना तोच पूल आहे, तोच मोह आहे. रात्री फाटकाशी उभा राहीन तेव्हा चावी तुझ्याकडे असेल, अमर. माझा वास आला तर... उघडशील ना?

...

बोल ना रे.

...

बरं. नको बोलू. मीही नव्हतो बोललो.

हे घे. फुलं होती ते ताट हे. चिंधूचं? नाही, चिंधूचं अजून खालीच आहे. अंधारात दिसणार नाही, काठावर बोट फिरव, नाव चाचप. घ... न... हो. माझंच.

बोटाला चिकट लागतंय ना? दोन वर्षं झाली, रोज राखेनं घासतो मी ते.