सहावं प्रूफ

आपल्याला कोणीही ओळखत नाही असं दुकान शोधत ती घरापासून दोन बस बदलून गेली आणि नेमकी नको त्याच दारात जाऊन उभी राहिली.

दार काचेचं होतं. वर ‘लेबलं, टॅग, शिक्के’ असं लिहिलेलं आणि खाली ‘ढकला’. तिने ओढलं. आतल्या माणसाने मदत म्हणून आतून ओढलं. थोडा वेळ दोघं काचेच्या दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे बघत जोर लावत राहिले... मग दोघांनीही एकदम हात सोडले.

“सॉरी,” तो म्हणाला.

“सॉरी,” ती म्हणाली, आणि एकदाची आत आली.

आत शाईचा वास होता आणि एक यंत्र गुणगुणत होतं. भिंतीवर सॅटिनच्या फितींची रिळं टांगलेली होती. माणूस तिशीचा असावा. शर्टाची वरची दोन बटणं एका भोकाने चुकली होती आणि त्याला ते माहीत नव्हतं.

“कसली लेबलं?”

“स्वेटरची. लहान बाळांच्या.”

“बाळं किती?” असं विचारून तो कानापर्यंत लाल झाला. “म्हणजे... लेबलं किती?”

“तीनशे.”

त्याने फॉर्म पुढे सरकवला. ती लिहू लागली. डाव्या हाताने, भराभर; फॉर्म भरणं तिच्या रोजच्या कामाचं होतं. ती एका दवाखान्यात केसपेपर काढायची. पाच वर्षं लोकांचे आजार ऐकून तिला जगातल्या प्रत्येक गोष्टीची भीती वाटायची, आणि त्यातली एक भीती सध्या खरी होती.

तिची आई वीस वर्षं बाळांचे स्वेटर विणून एका नावाजलेल्या दुकानाला द्यायची. सात महिन्यांपूर्वी एका सकाळी आईच्या उजव्या हाताने चहाचा कप सोडला. त्यानंतर त्या हाताने सुईही धरली नाही.

“हाताला काहीएक झालेलं नाही,” आई म्हणायची. “नुसता ऐकत नाही. तुझ्या बाबांवर गेलाय.” आणि मग दार लावून घेऊन, “कुणाला कळता कामा नये. दुकानात माल माझा म्हणून जातो. हात गेला हे कळलं, की बाईसाहेब दुसरी बघतील. मग मी दिवसभर करू काय? भिंती मोजू?”

तेव्हापासून लेक विणत होती आणि आईच्या नावाने माल जात होता. लेक डावखुरी. लहानपणी आईने समोर बसवून शिकवलेलं, त्यामुळे आरशात बघून शिकल्यासारखी ती शिकली होती. आईच्या स्वेटरवरची वेणीची वीण उजवीकडे वळायची, हिची डावीकडे. सात महिने कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. ती मात्र प्रत्येक वेळी माल देऊन मागे न बघता घाईने परतायची.

आणि आता दुकानवाल्या बाईंनी फर्मान काढलं होतं. नवं दुकान दोन आठवड्यांनी शनिवारी उघडतंय, माल लेबल लावूनच पाहिजे. “हल्ली गिऱ्हाईक स्वेटर नंतर बघतं, लेबल आधी वाचतं. आणि टॅगवर आईचे विणतानाचे हात छाप. लोकांना हात आवडतात.”

“मजकूर?” दुकानातल्या माणसाने विचारलं.

“‘आईच्या हातचं.’”

“वा. आईच्याच हातचं ना?”

पेन तिच्या हातून खाली पडलं. “म्हणजे? नाहीतर कोणाच्या?”

“नाही, मी आपलं... सहज विचारलं.” त्याने पेन उचलून दिलं. “फोटो?”

तिने मोबाइल पुढे केला. फोटो आईने डाव्या हाताने काढला होता, हात अर्थातच लेकीचे होते, आणि काल रात्री तिने मोबाइलमध्ये तो उलटा करून घेतला होता. आता त्यातली बाई उजव्या हाताने विणत होती. तिला स्वतःच्या हुशारीचीसुद्धा भीती वाटली होती.

तो बराच वेळ बघत राहिला.

“छान आहेत... हात.”

“आईचे आहेत,” ती घाईने म्हणाली.

“हो, हो. त्यांना माझा नमस्कार सांगा.”

दोन दिवसांनी ती प्रूफ बघायला गेली. या वेळी दार ढकललं. त्याची बटणं बरोबर लागली होती आणि केसांना पाणी लावलेलं दिसत होतं.

“अक्षर जरा बारीक वाटतंय,” तो म्हणाला. “परवा मोठं करून ठेवतो. याल ना?”

“इतकं ठीक आहे की.”

“नाही, नाही. बाळाच्या मानेला लागणारं लेबल. घाई नको.” मग आवाज खाली आणून, “आणि त्या फोटोत एक गंमत आहे—”

 तिच्या आयुष्यात आजवर कुठलीही गंमत चांगली निघाली नव्हती.

“कसली गंमत?”

तो तोंड उघडणार तेवढ्यात दार धाडकन ढकललं गेलं.

“बंड्या! माझ्या नव्या दुकानाची पाटी झाली का रे?”

दुकानवाल्या बाई! त्यांनी तिला बघितलं. “अगं, तू इथे? मीच तुला पाठवणार होते. हा माझ्या बहिणीचा मुलगा.”

दोन बस बदलून, शहराचं दुसरं टोक गाठून, ती बाईंच्या भाच्याच्या दुकानात येऊन बसली होती. तिने बंड्याकडे बघितलं. आयुष्यात एकदाही बंड केलं नसेल असा चेहरा. मावशीसमोर तो शाळेतल्या मुलासारखा उभा होता. असा माणूस मावशीपासून काही लपवणं शक्य नव्हतं.

“कसली गंमत म्हणत होतास?” मावशीने विचारलं.

“काही नाही,” तो म्हणाला. “सांगेन नंतर.”

*कोणाला* सांगेन, ते म्हणाला नाही. ती रात्रभर तेवढ्यावर जागी राहिली.

तिसऱ्या प्रूफमध्ये टॅगचं भोक अर्धा सेंटिमीटर डावीकडे गेलेलं त्याला आवडलं नाही. ‘डावीकडे’ हा शब्द त्याने तिच्याकडे बघून उच्चारला, असं तिला वाटलं. चौथ्यात दोऱ्याचा रंग. त्याने सात रंगांचे दोरे तिच्या मनगटाशी धरून बघितले... बोटं लागली, तशी दोघांनीही चटका बसल्यासारखी मागे घेतली.

“तुमच्या अंगठ्यावर डाग आहे,” तो म्हणाला.

“इस्त्रीचा.” तिने हात पाठीमागे लपवला.

“दुखतो?”

“जुना आहे.”

“जपत जा,” तो म्हणाला, आणि यंत्राकडे तोंड करून उगाच काहीतरी पुसू लागला.

हा चौकशी करतोय, तिची खात्री झाली. एकेक पुरावा गोळा करतोय आणि सगळे जमले की मावशीपुढे मांडणार. नाहीतर तीनशे लेबलांसाठी कोणी इतक्या फेऱ्या मारायला लावतं? आणि सगळ्यात भयंकर म्हणजे, दवाखान्यात केसपेपर काढता काढता तिचं लक्ष घड्याळाकडे जायचं, साडेपाच कधी वाजतात म्हणून. ज्या माणसाची भीती वाटते त्याच्याकडे जायची घाई का होते, हे दवाखान्यातल्या एकाही डॉक्टरला विचारण्यासारखं नव्हतं.

“पाचवं प्रूफ?” आई म्हणाली. “लेबल छापतोय की कादंबरी?”

“त्याला कळलंय, आई.”

“कळलं असतं तर एव्हाना बोंबाबोंब झाली असती. दिसायला कसा आहे?”

“आई!”

“मी लेबलाबद्दल विचारतेय.”

सहाव्या प्रूफला ती गुरुवारी गेली. शनिवारला दोनच दिवस उरले होते. टेबलावर त्याने दोन टॅग ठेवले होते. दोन्हीवर तेच हात. एकावर उजवा हात विणत होता, दुसऱ्यावर डावा.

 ती स्टुलावर बसली.

“फोटोच्या कोपऱ्यात लोकरीचा गुंडा आहे,” तो हळूच म्हणाला. “त्यावरच्या पट्टीवर ‘मऊ लोकर, शंभर ग्रॅम’ असं लिहिलंय. मी ते सहज वाचलं. शिक्के करतो ना... उलटी अक्षरंच दिवसभर वाचतो. मग लक्षात आलं, मी उलटं वाचतोय. म्हणजे फोटो उलटा आहे. तो सुलटा केला, तर डाव्या अंगठ्यावर डाग.”

लोकरीच्या गुंड्यावरचं लेबल! सगळं सांभाळून तिला एका लेबलाने पकडून दिलं होतं.

“मावशीला...?”

“एक अक्षर बोललो नाही. बोलणारही नाही. कुठला छापायचा तेवढं तुम्ही सांगा—”

दार धाडकन ढकललं गेलं.

“झाले का टॅग? बघू.”

बाईंनी नेमका दुसरा उचलला. चष्मा वर करून बघितला, खाली करून बघितला. यंत्र गुणगुणत होतं. बंड्या टेबलाच्या पुढे येऊन उभा राहिला, मावशीच्या आणि तिच्या मधोमध, आणि त्याचे गुडघे थरथरताना तिला स्पष्ट दिसले.

“मावशी, ते प्रूफ चुकलंय माझं,” तो म्हणाला.

“तुझं काही चुकलेलं नाही. हे हिच्या आईचे हात नाहीत. सुई धरताना तिची करंगळी वर असते. कोणाचे आहेत?”

अजूनही वाचता आलं असतं. त्याने वाट करून दिली होती. पण त्या थरथरत्या गुडघ्यांमागे लपून बसणं तिला जमेना. ती उठली.

“माझे.”

आणि मग सगळंच बाहेर आलं. कप, हात, सात महिने, डावीकडे वळणाऱ्या वेण्या. बोलून झाल्यावर ती थांबली, आणि माल परत येणार, आई भिंती मोजणार, हे सगळं तिला समोर दिसायला लागलं.

बाई खुर्चीत बसल्या. चष्मा काढला.

“आई कशी आहे?”

सात महिन्यांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. कसा विचारणार, कोणाला माहीतच नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

“चिडते.”

“म्हणजे बरी आहे.” बाईंनी नाक पुसलं. “वीस वर्षांची ओळख, आणि एक फोन नाही! शहाण्या आहात दोघी. खोटं लेबल माझ्या दुकानात लागणार नाही. मजकूर बदल. आणि शनिवारी आईला घेऊन ये. मला विणणाऱ्या चार नव्या मुली हव्यात, त्यांना कोणीतरी शिकवायला पाहिजे. तोंड चालतं ना तिचं?”

“चोवीस तास.”

“तिला मी सांगू की तू?”

“मीच,” ती म्हणाली, आणि म्हणताच तिला नव्याने घाम फुटला.

बाई गेल्या. जाताना भाच्याच्या पाठीत एक धपका घालून गेल्या, “प्रूफ चुकलंय म्हणे.”

खोलीत शाईचा वास तेवढा उरला.

“मजकूर काय टाकू?” त्याने विचारलं.

तिने विचार केला. “‘हाताने विणलेलं. डाव्या.’”

तो हसला. त्याला हसताना ती पहिल्यांदाच बघत होती. मग तिला एकदम आठवलं, “तुम्हाला कधीपासून माहीत होतं?”

“तुम्ही फॉर्म भरलात, त्याच दिवशी.”

“मग ती बाकीची प्रूफं?”

तो रिळाची फीत सोडू लागला. मग गुंडाळू लागला.

“अक्षर बारीक नव्हतं,” तो म्हणाला. “भोकही बरोबर होतं. भीती वाटत होती.”

“मावशीची?”

“लेबलं तयार झाली की तुम्ही... परत कशाला याल?”

म्हणजे ती इतके दिवस ज्याला घाबरत होती, तोही इतके दिवस घाबरतच होता. तिने सुलट्या टॅगवर डाव्या हाताने सही केली आणि कागद त्याच्याकडे सरकवला.

“उद्या तयार होतील ना?”

“होतील,” तो दुःखाने म्हणाला.

“शनिवारी दुकानात भेटू. रविवारी काय कारण काढणार?”

तो गोंधळला. “रविवारी... प्रेस बंद असतो.”

“म्हणजे मोकळे असता.”

 त्याच्या हातातलं रीळ सुटून गडगडत पार दारापर्यंत गेलं, ते उचलायचंही त्याला सुचलं नाही. आणि समोरचा माणूस आपल्यापेक्षा जास्त घाबरलाय हे आयुष्यात पहिल्यांदा बघून तिला फार, फार बरं वाटलं.